फ्रिजमागची भिंत

फ्रिज आला तेव्हा माझ्या नामदिनाला नऊ दिवस उरले होते. माझं नाव जिच्यावरून ठेवलं त्या संत उर्शुलाच्या दिवशी, म्हणजे नामदिनाला, माझ्या घरी वीस माणसं जेवतात, आणि वीसही जणांना आधी जेवण नको असतं. म्हातारीनं यंदा घरात नवीन काय आणलं ते बघायचं असतं. मला ते आवडतं, खोटं का बोलू? या जिन्यावर माझ्या पडद्यांची इस्त्री बघून लोक आपले पडदे उतरवतात.

फ्रिज माझ्या लेकीनं, बोझेनानं, घेऊन दिला. दोन दारांचा, चकचकीत. दारातून आत आला, स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि अडला. कोपऱ्यात भिंतीचा एक उभा तुकडा पुढे आलेला आहे, छतापासून जमिनीपर्यंत. त्यापुढे फ्रिज ठेवला की दार अर्धंच उघडायचं.

माझा जावई वितोल्द गुडघ्यावर बसला, बोटांनी भिंत ठोकली आणि म्हणाला, "आई, हे धुराड्याचं आहे. आतून हवेची भोकं जातात. याला हात लावायचा नसतो."

"माझ्या हवेची जाळी तर तिकडे, गॅसच्या वर आहे. मग हे कुणाचं?"

"खालच्यांचं असेल. रेगिनाबाईंचं."

"रेगिनाचं माझ्या स्वयंपाकघरात काय काम?"

"आई, तसं नसतं. सगळ्यांची हवा सगळ्यांच्या भिंतीतून वर जाते."

"चार बोटं तर काढायचीत. जमत नसेल तर तसं सांगा, जावईबापू. माझा नवरा असता तर एव्हाना फोडून, सारवून, जेवायला बसला असता."

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात खिळासुद्धा सरळ ठोकला नव्हता. पण मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की वितोल्दला उलट बोलता येत नाही. त्यानं छिन्नी घेतली. अर्धी वीट काढू म्हणाला, आतलं भोक न उघडता. तिसऱ्या विटेला पलीकडची बाजूच सुटली. आत काहीतरी खरडत गेलं, मग धप्प झालं, आणि त्याच्यामागून बराच वेळ खडी सांडावी तसा आवाज येत राहिला.

वितोल्दनं छिन्नी खाली ठेवली.

"पडलं," वितोल्द म्हणाला.

"पडलं तर पडलं. तिथं कोण राहतंय?"

त्यानं वरून पातळ फळी ठोकली, त्यावर मी जपून ठेवलेल्या पांढऱ्या फरशा लावल्या. फ्रिज तिथं असा बसला की जणू त्या जागेसाठीच जन्माला आला होता.

नामदिनाला रेगिना वर आली. ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते, चाळीस वर्षं. पोस्टाच्या खिडकीत बसून जन्म गेला, त्यामुळे अजूनही चष्म्यावरून बघते आणि मी बोललेलं दुरुस्त करते. मी चौथीतून शाळा सोडलेली, तिला दुरुस्त करायला माल भरपूर. तिनं फ्रिजभोवती एक फेरी मारली.

"छान आहे गं. आता यात ठेवायला काहीतरी चांगलं शिजवायला शीक."

"तुझा आणलेला केक ठेवलाय ना! तुझा केक बाहेर ठेवला तर कबुतरं तक्रार करतात."

असंच बोलतो आम्ही. चाळीस वर्षांत एकमेकींना सरळ शब्द बोललो असू तो फक्त दोघींच्या नवऱ्यांच्या अंत्ययात्रांना.

नोव्हेंबर लागला, थंडी पडली, खिडक्या बंद झाल्या. आणि रेगिनाचं डोकं दुखायला लागलं. सकाळी दुखायचं, बाजारात गेली की उतरायचं, घरी आली की पुन्हा. तिच्या काचा आतून घामेजलेल्या असायच्या. कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी धरली. एकदा तिनं बटाटे गॅसवर ठेवले आणि खुर्चीतच झोपली. जळका वास जिनाभर.

"भिंती पुसत जा की जरा," मी म्हटलं. "माणसं काय म्हणतील, पोस्टातली बाई अशी राहते?"

"रोज पुसते, उर्शुला. रोज पुसते आणि रोज येते." ती कपाळ दाबत म्हणाली. ती दमलेली होती. मला त्या वेळी वाटलं, हरली. आणि बरं वाटलं.

मग फाटकावर कागद लागला की मंगळवारी धुराडेवाला घरोघरची हवेची भोकं तपासायला येणार. आता आमच्या जिन्यावर त्या दिवशी काय चालतं ते सांगते. भिंतीतल्या हवेच्या जाळीतून हिवाळ्यात गार वारा आत येतो, म्हणून प्रत्येक घरात जाळीवर पुठ्ठा चिकटवलेला असतो. गुन्हा आहे तो, सगळ्यांना ठाऊक. धुराडेवाला यायच्या सकाळी सगळा जिना खुर्च्यांवर चढून पुठ्ठे काढतो, आणि त्याचे बूट रस्त्याला लागायच्या आत पुन्हा लावतो. मीही लावते. माझा बुटांच्या खोक्याचा आहे. एकटी रेगिना लावत नाही. तिच्या हातून नियम मोडतच नाही, लाल सिग्नलला रिकामा रस्तासुद्धा ओलांडत नाही ती.

धुराडेवाला माझ्याकडची जाळी तपासून खाली तिच्याकडे गेला. मी मागोमाग गेले, म्हटलं बघू तिच्याकडे काय निघतं. त्यानं कागदाची एक पट्टी तिच्या जाळीला धरून सोडली. माझ्याकडे पट्टी जाळीला चिकटली होती. इथं ती सरळ जमिनीवर पडली. दुसऱ्यांदा धरली, दुसऱ्यांदा पडली.

"बाई, पुठ्ठा कधी काढला? आत्ता, मी घंटा वाजवल्यावर?"

"मी पुठ्ठा लावत नाही," रेगिना म्हणाली.

"अहो, सगळे असंच म्हणतात. भोक गार पडलंय, ओढ धरायला वेळ लागतो. हा गॅसचा गिझर बघा, याच खोलीत. खोलीतली हवा बाहेर गेली नाही तर याचा धूर उलटा घरात येईल. वास येणार नाही, कळणार नाही, झोपाल ती झोपालच."

"मी आयुष्यात पुठ्ठा लावलेला नाही!"

त्या वेळी मला खडीचा आवाज ऐकू आला. म्हणजे खरोखर नव्हे. पण कानात तोच, खरडत जाणारा. जाळी माझ्या डोळ्यांसमोर होती, चारी बाजूंनी स्वच्छ, कडेला चिकटपट्टीचा डाग नाही. हे भोक वर कुठं जातं ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

धुराडेवाला माझ्याकडे वळला. "तुम्ही शेजारीण ना? तुम्हीच समजवा."

आणि मी म्हटलं, "अगं रेगिना, खरं सांगून टाक ना. पुठ्ठा कुठं लपवलायस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. नुसतं बघितलं, जणू खिडकीतून कुणीतरी भलताच पत्ता लिहिलेलं पाकीट सरकवलंय.

धुराडेवाल्याला अजून पंचवीस घरं करायची होती. खिडकी फटभर उघडी ठेवा, पुठ्ठा लावू नका, पुढच्या आठवड्यात परत येऊन बघतो, असं लिहून तो गेला.

मी वर आले. फ्रिज घरघरत होता. वितोल्दला फोन केला.

"आई, बोलू नका कुठं," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "छिन्नी माझ्या हातात होती. मला धरतील. मी रविवारी येतो, गुपचूप वरून मोकळं करून बघू."

रविवार पाच दिवस लांब होता. मी ते दिवस कसे काढले? बुधवारी सूप घेऊन खाली गेले आणि तिची खिडकी उघडली. "मला गोठवून मारायला आलीस का?" म्हणत तिनं लावली. गुरुवारी कणकेत कोबीचं सारण भरून उकडलेले पिएरोगी घेऊन गेले, पुन्हा उघडली. "आधी मला खोटारडी म्हणायचं आणि मग जेवायला घालायचं, ही कुठली रीत?" ती म्हणाली, आणि मी गेल्यावर लावली असणार, कारण बाहेर बर्फ पडत होता. खरं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्याऐवजी दोन दिवसांत पस्तीस पिएरोगी केले.

शुक्रवारी तिनं दार उघडलं नाही. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, माझी तिच्याकडे. आत शिरले. नळ चालू होता, गरम पाण्याची वाफ, आणि ती भांडी घासायच्या जागेशी जमिनीवर, हातात अजून ओला कप. गिझर पेटलेला. मी तिला काखेत धरून ओढलं. माझं वय एक्काहत्तर; कुठून जोर आला माहीत नाही. जिन्यात आणून आडवी केली आणि ओरडले.

ती वाचली. चार दिवस इस्पितळात होती. आणि इथून पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. अख्खा जिना मला शाबासकी द्यायला आला. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं मिठी मारली. रेगिनाचा मुलगा लेशेक दुसऱ्या शहरातून धावत आला आणि त्यानं माझा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं.

"मावशी, तुम्ही नसतात तर माझी आई गेली असती."

मी हात ओढून घेतला. "ओला आहे रे हात," म्हटलं. ओला नव्हता.

"तिला आता एकटी ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "धुराडेवाल्यानं लिहिलंय, पुठ्ठा लावत होती. ती शपथेवर नाही म्हणते. बटाटे जाळले तेही तिला आठवत नाही. मावशी, तिचं डोकं चाललंय. आमच्या इथं ननबाईंचा वृद्धाश्रम आहे, बोलणं झालंय. बुधवारी नेतो."

बुधवारी मी खाली गेले. दोन बॅगा दारात, रेगिना कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत. मला वाटलं होतं भांडत असेल, सगळ्यांचं व्याकरण काढत असेल. ती जाळीकडे बघत होती.

"उर्शुला," ती हळू म्हणाली, "मी खूप विचार केला. मी लावत असेन गं. लावत असेन आणि विसरत असेन. इतकी माणसं म्हणतायत. तूसुद्धा म्हणालीस. तू तर मला चाळीस वर्षं ओळखतेस."

मी मारलेले टोमणे तिनं चाळीस वर्षं झटकले होते, आणि मी बोललेलं एक खोटं मात्र तिनं स्वतःच्या डोक्याला खोटं ठरवून खरं मानलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "लेशेक, तिला वर आण."

"मावशी, गाडी—"

"गाडी उभी राहील. वर आण म्हटलं ना!"

वितोल्द वरच होता, रविवारी मोकळं करायला जमलं नव्हतं म्हणून पुन्हा आलेला. मला दोघांसोबत बघून त्याचा चेहरा उतरला. "आई," तो म्हणाला, "नको."

"फ्रिज ओढ."

"आई—"

"मग मी ओढते."

मी खांदा लावला तशी त्यानं मला बाजूला केलं आणि ओढला. हातोडी मी घेतली. पांढऱ्या फरशा दोन घावांत फुटल्या, फळी चिरली. मी हात आत घातला आणि अर्धी वीट बाहेर काढली, धूळ माझ्या बाहीत ओघळली. खाली वाकून लेशेकनं टॉर्च मारला. अंगठ्याएवढी फट सोडली तर सगळं विटांनी आणि चुन्याच्या ढेकळांनी बुजलेलं.

"हे तुझ्या आईच्या घरातलं भोक," मी म्हटलं. "फ्रिज मावत नव्हता म्हणून मी फोडायला लावलं. जावई नको म्हणत होता, मी त्याची लाज काढून करायला लावलं. पोलिसात जायचं तर माझं नाव लिहा."

लेशेक पांढराफटक पडला. मला वाटलं मारतोय. वितोल्द भिंतीला टेकून खाली बघत उभा.

रेगिना मात्र पुढे आली. तिनं चष्मा पुसला, वाकून त्या भोकात बराच वेळ बघितलं, जसं टपालाच्या पिशवीत काही राहिलंय का बघतात. मग सरळ झाली.

"धुराडेवाला आला होता त्या दिवशी," ती म्हणाली, "तू मला पुठ्ठ्याचं विचारलंस. तेव्हा तुला हे माहीत होतं?"

वितोल्दनं मान हलवली, नाही म्हणा अशी. नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. विटा पडणं ही चूक होती, चुका माफ होतात, लोक त्यावर पुढच्या नामदिनाला हसतातसुद्धा. पण ती मला विचारत होती आणि तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते माझ्या उत्तरावर होतं.

"होतं," मी म्हटलं. "जाळी बघितली तेव्हाच कळलं."

तिनं हळूहळू मान डोलावली.

"लेशेक, बॅगा परत आत ने. मला कुठं जायचं नाहीये." आणि लेशेकनं दिलेला हात न घेता, कठड्याला धरून ती आपली आपण खाली गेली.

सोसायटीच्या माणसांनी पंधरा दिवसांत भोक साफ केलं आणि भिंत होती तशी बांधून दिली. रेगिनाची बुरशी गेली, डोकेदुखी गेली. वितोल्दला लेशेकनं काही केलं नाही. का, ते मला विचारायचं धाडस झालं नाही. फ्रिज स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात उभा आहे, तिथून येताजाता अंग चोरून जावं लागतं.

काल जिन्यात ती भेटली. पिशवीत पाव, डोक्याला रुमाल. मी वाट सोडली. म्हटलं आता बोलेल, काहीतरी टोचून बोलेल, निदान माझ्या स्वेटरला नावं ठेवेल. मी तयार होते. चार महिन्यांत मी कशाचीच इतकी वाट बघितली नव्हती.

"नमस्कार बाई," ती म्हणाली. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

ती सावकाश वर चढली, तिच्या दारापर्यंत, आणि किल्ली फिरल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथंच उभी होते.