डावीकडची सीट

"काका, खरं सांगू काय? हिच्यात आता राम ऱ्हायला नाय." बाळाने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "खालचा पत्रा खाऱ्या हवेनं पार सडलाय. क्लच आज बसवून देतो. पण पुन्हा गेला तर पार्ट गावायचा नाय. किती ठिगळं लावायची?"

"तू लाव," विनोदराव म्हणाले. "चालेल ती अजून."

"चालंल हो. पण पुढच्या पासिंगला कोण उभी करून घेणार हिला? त्यापेक्षा बॅटरीवरची घ्या एक. ना क्लच, ना गिअर. तुमीपन चालवाल."

हीच तर अडचण होती. पण ती बाळाला सांगण्यासारखी नव्हती. विनोदराव गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि समोरचा रस्ता बघत राहिले.

गाडी मुळात त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची, राजश्रीची. राजश्री प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिची बदली पूर्णगडकडच्या एका वाडीतल्या शाळेत झाली, आणि सकाळची एसटी चुकली की अर्धा दिवस गेला, असं होऊ लागलं. चाळिशी उलटल्यावर बाई ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागल्या तेव्हा नाचणे गावातल्या त्यांच्या आळीनं तोंडाला पदर लावला होता. तिनं कुणाकडे बघितलं नाही. लाल रंगाची छोटी गाडी घेतली आणि भाट्याच्या पुलावरून, गोळप-पावस करत, रोज शाळेला जाऊ लागली. उन्हाळा असो की धो धो पाऊस.

विनोदराव तेव्हा जिल्हा परिषदेत टंकलेखक होते. त्यांनीही तिच्याबरोबर शिकायला सुरुवात केली होती. क्लच सोडायचा तिथे दाबला, दाबायचा तिथे सोडला आणि एका संध्याकाळी गाडी थेट चिऱ्याच्या कुंपणात नेऊन घातली. उतरले, चष्मा पुसला, म्हणाले, "हे आपलं काम नव्हे." ते पुन्हा कधी उजव्या बाजूला बसले नाहीत.

तेव्हापासून त्यांची जागा डावीकडे. मांडीवर पिशवी, काच खाली. रविवारी दोघं बाहेर पडली की नाक्यावरची माणसं म्हणत, "निघाला बघा सुर्वेबाईंचा क्लीनर." ते मान डोलावून हसत. खरं म्हणजे त्यांना ती जागा आवडे. तिथून राजश्री दिसायची. हनुवटी वर केलेली, कानातली कुडी हलणारी, वळणावर ओठ घट्ट मिटणारी. घरात ती कधी इतकी स्वतःची वाटली नाही.

आणि आता ती विसरायला लागली होती. आधी आमटीत दोनदा मीठ, मग शेजारणीचं नाव, मग पेन्शनच्या बँकेचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "यांना एकटं सोडू नका."

एका सकाळी भाट्याच्या पुलावर, अगदी मधोमध, तिनं गाडी थांबवली. मागे एसटी कर्कश हॉर्न देत होती. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि चेहऱ्यावर परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या मुलासारखा भाव.

"अहो," ती म्हणाली, "क्लच कुठला?"

"डावीकडचा," विनोदराव म्हणाले. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना एवढं ठाऊक होतं.

"हां." तिनं पाय ठेवला. पुढे घरापर्यंत तिनं गाडी अशी आणली, की जणू काही झालंच नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

पुण्याहून मुलीचा, वेदिकाचा, फोन आला की विषय गाडीचाच. "बाबा, त्या डबड्यावर किती खर्च करताय? इलेक्ट्रिक घ्या. अंगणात प्लग लावून देऊ. आईला डॉक्टरकडे न्यायला तुम्हाला बरी पडेल."

"तुझी आई नेते की मला."

पलीकडे वेदिकानं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "बाबा, आईनं आता गाडी चालवायची नाही. तुम्हालाही कळतंय ते."

त्यांना कळत होतं. पण नवी गाडी दारात आली, की उजव्या बाजूला बसणार ते, आणि राजश्रीला एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागणार. ती सांगण्यापेक्षा बाळाकडे चार खेपा घालणं सोपं होतं. शिवाय सकाळी रस्ता रिकामा असताना, भाट्याच्या सुरूबनापर्यंत गाडी नेऊन आणताना राजश्री अजून पहिल्यासारखी दिसायची. हात आपसूक चालायचे, तोंडाने जुन्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी. तेवढा अर्धा तास आजार मागे कुठेतरी रस्त्यावर उभा राहायचा. तो अर्धा तास त्यांना सोडवत नव्हता.

क्लच नवा बसला. गाडी घरी आली. त्याच आठवड्यात विनोदराव अंघोळ करून बाहेर आले तर अंगण मोकळं.

"मैना! काकी कुठं गेल्या?"

घरकामाला येणारी मैना विहिरीवरून धावत आली. "आत व्हत्या ना काका! मी कपडे धुवत व्हते. मला वाटलं, तुमीच गेलात दोघं."

ते रिक्षा करून आधी भाट्याला गेले, मग बँकेकडे, मग बाजारात. तोवर फोन वाजला. राजश्रीच्या जुन्या शाळेतून, मनस्वी नावाच्या तरुण शिक्षिकेचा. "सर, सुर्वे बाई इथे आल्यात. बाई ठीक आहेत. तुम्ही या जरा. आणि गाडी न्यायला कुणाला तरी घेऊन या."

त्यांनी बाळाला बोलावून घेतलं. बाळाच्या मोटारसायकलवर मागे बसून सगळ्या वाटेत ते एकच गोष्ट स्वतःला सांगत होते. ठीक आहे म्हणाली. ठीक आहे म्हणाली ना.

शाळेच्या पटांगणात लाल गाडी आंब्याच्या पाराला नाक टेकून उभी होती. मुलं वर्गाच्या खिडक्यांतून बघत होती. राजश्री व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. निघताना तिनं इस्त्रीची साडी नेसली होती, खांद्याला शाळेची जुनी पर्स. मनस्वीनं तिचा हात हातात धरला होता.

"मधली सुट्टी झाली होती," मनस्वी त्यांना बाजूला घेऊन म्हणाली. "बाई नेहमीसारख्या आत वळल्या असतील. मुलं खेळत होती. गाडी थांबलीच नाही. पहिलीतली आरोही उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. लागलं नाही काही, सर. घाबरली फक्त. घरी पाठवलंय तिला."

विनोदराव गाडीजवळ गेले. पुढच्या चाकाखाली एक चप्पल अडकली होती. गुलाबी, फुलाचा बंद असलेली, त्यांच्या तळहाताएवढी. बाळानं गाडी मागे घेतली तेव्हा ती सुटली. त्यांनी ती उचलली, माती झटकली, बंद सरळ केला. मग कुणाला द्यावी ते न कळून तशीच धरून उभे राहिले.

माझ्यामुळे, त्यांना वाटलं. तिला विसरायला होतं. मला सगळं आठवत होतं.

परत येताना मोटारसायकल शाळेतच ठेवून बाळा गाडी चालवत होता आणि दोघं मागे बसली होती. पावस मागे पडेपर्यंत राजश्री खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, ती पोर मला दिसलीच नाही."

"असू दे गो."

"असू दे काय? आयुष्यभर पोरंच सांभाळली मी." तिचा आवाज अगदी पूर्वीचा, वर्गातला होता. "किल्ली आता माझ्या हाती देऊ नका. मी मागितली तरी. मी भांडेन, तरी."

त्यांनी मान हलवली. बाळानं आरसा उगाच दुसरीकडे वळवला.

दोन दिवसांनी नाश्त्याला तीच म्हणाली, "वेदिका म्हणते ती गाडी घ्या. मी शिकवते तुम्हाला."

जुनी गाडी बाळानंच नेली, कामाचे भाग काढून बाकीची भंगारात घालायला. तो न्यायला आला त्या दिवशी राजश्री म्हणाली, "फाटकाबाहेर मी काढते." विनोदराव फाटकाच्या कडेला, बाळा रस्त्यात आणि मैना पायरीवर, असे तिघं श्वास धरून उभे राहिले. तिनं गाडी सरळ, एकदाही न अडखळता, मागे घेतली. इंजिन बंद केलं. दार उचलून लावावं लागायचं, तसं उचलून लावलं. बाळाच्या हातात किल्ली देऊन म्हणाली, "तिसरा गिअर जरा प्रेमानं टाक रे," आणि घरात गेली. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नवी गाडी पांढरी. अंगणात प्लगला जोडलेली, मुकाट. शिकवणी सड्यावरच्या मोकळ्या मैदानात व्हायची, जिथे कातळ आणि वाळलेलं गवत यापलीकडे धडकायला काही नव्हतं.

"आरशात बघा. समोर मी बघतेय."

"बघतोय."

"बघत नाही आहात. घाबरताय. स्टिअरिंग म्हणजे काय म्हशीची शिंगं आहेत, एवढी आवळून धरायला?"

ते हसायचे आणि गाडी अजूनच वाकडी जायची. ती ओरडायची, मग स्वतःही हसायची. एकदा म्हणाली, "आवाजच नाही हो हिला. चालू आहे ना नक्की?" गणपतीनंतर ते शहरात चालवू लागले. दिवाळीच्या सुमारास आरे-वारेच्या चढावरून गाडी नेली. खाली दोन्ही किनारे उन्हात पसरले होते. राजश्री डावीकडे बसून म्हणाली, "पास झालात." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या काही महिन्यांइतकं ती दोघं कधी हसली नव्हती, असं विनोदरावांना पुढे वाटत राहिलं.

आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या तेव्हा तिचा आजार बराच वाढला होता. घरात मात्र त्यांना ओळखायची. सकाळी बनियन आणि लुंगीवर, पेपर घेऊन ओटीवर बसलेला माणूस आपला नवरा, हे तिच्यात कुठेतरी घट्ट रुतून बसलं होतं.

एके दिवशी डॉक्टरकडून परतताना ती गाडीत अंग चोरून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही कुठले? पावसचे का?"

त्यांना वाटलं, थट्टा करतेय. "अगो, मी विनोद."

तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. शर्ट, चष्मा, स्टिअरिंगवरचे हात. चेहऱ्यावर भीती दाटली. "आमच्या ह्यांचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला? ह्यांना गाडी येत नाही." आणि ती दाराची कडी चाचपू लागली. "थांबवा. मला उतरायचंय. थांबवा म्हणते ना!"

त्यांनी घाईघाईनं गाडी कडेला घेतली. तिचा हात अजून दाराच्या कडीवर होता. तिचा नवरा डावीकडे बसायचा, मांडीवर पिशवी घेऊन. उजवीकडचा हा कुणीतरी परका. तिच्या परीनं तिचं बरोबरच होतं. विनोदरावांनी घसा साफ केला.

"चुकलं माझं, बाई," ते म्हणाले. "सुर्वेसाहेबांनीच पाठवलंय मला, तुम्हाला न्यायला. म्हणून नाव ठाऊक."

ती हळूहळू निवळली. "असं होय. मग ठीक." थोडं पुढे गेल्यावर, "ते घरी वाट बघत असतील. त्यांना एकट्याला जेवण जात नाही हो."

"पोचवतो लवकर."

तेव्हापासून प्रत्येक खेपेला तसंच. त्यांनी पुन्हा कधी आपलं नाव सांगितलं नाही. उलट तिनं विचारलं तर गाव पावस सांगू लागले.

आजही फाटकाशी गाडी उभी केल्यावर मैना पुढे आली आणि राजश्रीला हाताला धरून उतरवू लागली. "चला काकी. सावकाश."

राजश्री उतरता उतरता मागे वळली. "आभारी आहे हां," ती म्हणाली.

"असू दे बाई."

ती पायऱ्या चढेपर्यंत ते बसून राहिले. मग उतरून घराच्या कडेनं, विहिरीवरून, परसदारी गेले. चपला काढल्या. शर्ट-पँट खुंटीला अडकवली. लुंगी गुंडाळली, बनियन सारखं केलं, पाय धुतले. माजघर ओलांडून ओटीवर आले तेव्हा राजश्री झोपाळ्यावर टेकत होती. त्यांना बघताच तिचा सगळा चेहरा उजळला.

"अहो! उशीर झाला ना? जेवलात का?"

"तुझ्यासाठी थांबलोय."

"तो ड्रायव्हर फार हळू चालवतो बाई. म्हशीसारखी गाडी हाकतो. पण माणूस सभ्य आहे." तिनं फाटकाकडे मान वळवली. "उन्हाचा बसला असेल बिचारा. चहा तरी नेऊन द्या त्याला."

मैना दारात उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली. चहा करून आणला. विनोदरावांनी कपबशी घेतली आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेले. गाडीला टेकून, ओटीकडे पाठ करून, त्यांनी तो चहा घोट घोट प्यायला. मग कप विसळून आत आले.

"प्याला का?" राजश्रीनं विचारलं.

"प्याला," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.