हजार नावं आणि एक

एकेक फाइल डिलीट करून गिऱ्हाइकं वैतागली होती, म्हणून हजार फाइलींच्या नावांची यादी सर्व्हरला एकदम द्यायची आणि सर्व्हरने त्या फाइली एका दमात उडवून, काय काय उडवलं त्याची यादी परत पाठवायची, अशी सोय करण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला असं काम दिल्याचे उपकार साहेब दिवसातून तीनदा ऐकवत. नियमही त्यांचाच. यादीत मुळात नसलेल्या फाइलचं नाव आलं, तरी उत्तर 'डिलीट झालं' असंच द्यायचं.

"पण ती कधी नव्हतीच, तर डिलीट कशी झाली?"

"आता नाही ना? झालं तर. गिऱ्हाइकाला एरर दिसता कामा नये. आधी डिग्री घे, मग मला शिकव."

सोमवारच्या चाचणीत त्याने हजार नावं पाठवली आणि परत आली एक हजार एक. जादाचं नाव अगदी शेवटी होतं: घर/मधली खोली/खिडकीजवळची खाट. कुणाचा तरी चावटपणा, म्हणत त्याने कोडची ओळ न् ओळ चाळली. काही सापडलं नाही. संध्याकाळी घरी बघतो तर मधल्या खोलीत त्याची एकट्याचीच खाट, आणि खिडकीखाली, जिथे ताईची खाट सकाळपर्यंत होती, तिथे फरशीवर साधा ओरखडासुद्धा नाही.

"कुठली खाट?" कपड्यांच्या घड्या न थांबवता आईने विचारलं.

बाबा पेपरामागून म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता डोकंही सोडलंय."

ताईने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यापासून या दोघांनी घरात तिचं नाव काढणं बंद केलं होतं. खाट भंगारात घालून वर साळसूद चेहरा करणं त्यांना काही जड नव्हतं. तो भयंकर चिडला, आणि चिडता आलं म्हणून त्याला जरा बरंही वाटलं.

मंगळवारी जादाचं नाव आलं: घर/कपाट/ताईचे फोटो. अल्बममधलं एकही पान फाडलेलं नव्हतं. प्रत्येक फोटोत आई, बाबा आणि तो, मधे जागा न सोडता, एकमेकांना चिकटून उभे होते.

बुधवारी त्याने चाचणी करायला साफ नकार दिला. "सरक," म्हणत साहेब त्याच्या खुर्चीत बसले. त्याने तिथेच उभ्या उभ्या ताईला फोन लावला. तिने उचलला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"काय रे ढब्बू, ऑफिसच्या वेळेत?"

"फोन ठेवू नकोस. काहीही बोलत राहा."

"पुन्हा बाबांशी वाजलं ना? कितीदा सांगू, ये निघून माझ्याकडे. तू कॉलेज सोडलंस तेव्हाही हेच म्हणाले होते मी."

त्याच्या बाजूने बोलणारं जगात हे एकच माणूस होतं.

"साहेब, थांबा!" तो ओरडला. साहेबांनी मान न वळवता एंटर दाबलं आणि स्क्रीनवर यादी भराभर सरकत गेली.

"बघ. एकही एरर नाही. उगाच घाबरट."

खरंच, एकही नव्हता. त्याला मोकळं वाटलं; एवढा घाम कशाने फुटला होता, ते मात्र आठवेना. कानाशी धरलेल्या फोनमध्ये कुणीतरी बाई कातर आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होती, "ऐकतोयस ना रे?"

"राँग नंबर, मॅडम," तो अदबीने म्हणाला.