नेलिदाबाईंचे कान

नेलिदा कार्ताहेनाने संचालकांना शब्द दिला होता: वर प्रेक्षकांत खुर्चीत बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे.

पेरू देशातल्या चिंचा गावच्या 'ला असेकिया' व्हॉलीबॉल क्लबची ती अकरा वर्षं सेटर होती, स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी; पुढे एकोणीस वर्षं प्रशिक्षक. मार्चमध्ये तिला बढती देऊन व्यवस्थापक केलं. बढतीचा अर्थ तिला बरोब्बर कळला होता. खेळाडूला हात असतात, प्रशिक्षकाला जीभ, व्यवस्थापकाला नुसती सही. तिच्या जागी मारिबेल आली, तिनेच घडवलेली पोर. आज गाठ कायाओच्या संघाशी होती. हरलं की पहिल्या श्रेणीतून खाली, आणि खाली गेलेल्या क्लबात चांगल्या मुली टिकत नाहीत हे तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं.

पहिले दोन सेट मारिबेलच्या पोरींनी घेतले. नेलिदाला आनंद झाला, पण पुरता नाही. आपल्यावाचून इतकं नीट चालावं, हे कुठल्या रकान्यात मांडायचं? तिसऱ्या सेटला हात आपसूक कानाकडे गेला. जुनी खूण: उजवा कान म्हणजे चेंडू उजवीकडे उचल, डावा म्हणजे डावीकडे. खाली सेटर दायराने सवयीने वर पाहिलं आणि तसं केलं. समोर जाळ्यावर आधीच उंचावलेल्या हातांवर आपटून चेंडू परत आला.

हात कानाशी जातच राहिला. तिसरा सेट गेला, चौथाही. नेलिदाने दोष वाटून टाकले: दायरा घाबरली, मारिबेल कच्ची, पंच आंधळा. स्वतःचं नाव यादीत घालायचं राहिलं.

एक गोष्ट मात्र तिने टिपली. समोर कायाओच्या बाकावर एक मिशीवाला होता. चेंडू कुठेही असो, त्याची नजर हिच्यावर. मधूनच तो आपल्या पोरींना काहीतरी ओरडे, की पुन्हा वर बघे.

"मेल्याचा तुझ्यावर डोळा दिसतो," शेजारची पेत्रोनिला भाजका मका चघळत म्हणाली.

बावन्नाव्या वर्षी! नेलिदाने गळ्यातला रुमाल सारखा केला.

पाचवा सेट, तेरा-तेरा. मारिबेलने टाइम-आउट घेतला. डोकी एकत्र आली, सुटली, आणि मारिबेलने दिवसात पहिल्यांदा वर पाहिलं. अखेर आठवण झाली म्हणायची! नेलिदाने उजवा कान धरला. दायराने मान डोलावली आणि चेंडू डावीकडे दिला. पलीकडे तो रिकाम्या जागेत पडला. चौदा-तेरा.

सगळं स्टेडियम उठलं, नेलिदा बसून राहिली. गुण मिळाला म्हणून काय झालं? सांगितलेलं ऐकलं नव्हतं. आता तिने डावा कान असा ओढला की डूल टोचलं. सर्व्हिस गेली. कायाओचा स्मॅश आला, कुणीतरी लोळत उचलला. दायरा चेंडूखाली पोचली. चेंडू उजवीकडे गेला. कायाओच्या दोघी डाव्या टोकाला हात उंचावून उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं.

पंधरा-तेरा.

मारिबेल धापा टाकत पायऱ्या चढून आली. "बाई, रागावलात?"

"मी डावा धरला होता."

"म्हणून तर उजवीकडे दिला." तिने समोर बोट दाखवलं. मिशीवाला वही मिटत होता. "दोन सेट तो तुमचे कान वाचत होता. माझ्या फार उशिरा लक्षात आलं."

नेलिदाने रुमाल सैल केला. तिसरा नि चौथा सेट कुणाच्या नावावर टाकायचे ते आता तिला कळलं. "मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला जमलं नसतं, बाई. खोटं तुमच्या तोंडावर दिसतं."

ज्या पोरीला नेलिदाने उभं कसं राहायचं तेही शिकवलं होतं, तिला विचारलं, "पुढच्या मोसमात मी कुठे बसू?"

पेत्रोनिलाने मक्याची पुडी नेलिदापुढे केली.

"इथंच बस. आणि ही धर, दोन्ही हातांनी."