मावशीचं स्टूल

थोरल्या लेकाला जुळं झालं, त्याच साली मावशीला प्रसूतिगृहानं घरी बसवलं. मावशी म्हणजे तिथली आया. सख्खी भाची एकही नाही, पण डॉक्टरपासून बाळंतिणीपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत.

शेवटचा पगार घरात आला आणि सुनेनं पोरं सांभाळणारी बाई बंद केली.

"आता तुम्ही घरीच आहात ना, आई."

"घरी आहे म्हणजे रिकामी आहे होय गं?" मावशी कडाडली. "सकाळी बघेन पोरं, नातवंडं आहेत माझी. दुपारी मला हाक मारायची नाही."

दुपारी ती जिन्याखालच्या सुताराकडे गेली आणि म्हणाली, "रंधा दे."

"मावशी, इथं बाळंतपणं होत नाहीत," सुतार हसला.

"दात काढू नकोस. दे."

बोटं सोलली, फळ्या वाया गेल्या, सुतारानं कपाळाला हात लावला. शेवटी एक स्टूल उभं राहिलं. जरा डुगडुगायचं. मावशी त्यावर ऐसपैस बसली आणि वरून हाका आल्या तरी हलली नाही.

लेक ते बघून हरखला. आठवड्यानं सांगत आला, "आई, आमच्या कँटीनला वीस स्टुलं हवीत. मी हो म्हणून टाकलंय."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला विचारून?"

"अगं, चार पैसे मिळतील. पुन्हा कामाला लागशील."

"मग आत्ता काय भातुकली खेळतेय? पगार देणारा असला तरच मी माणूस, नाहीतर अडगळ? जन्मभर दुसऱ्यांच्या वेणा संपेपर्यंत उभी राहिले रे मी! हे माझं आहे. वाटेल तेव्हा करीन, वाटेल तेवढं करीन, वाटलं तर वाकडं करीन."

"त्यांना काय सांगू आता?"

"आई नाही म्हणाली, असं सांग. तोंड दिलंय ना तुला?"

वीसच्या वीस स्टुलं सुतारानं केली. मावशीनं त्यांतल्या एकाच्याही पायाला हात लावला नाही. लेकानं अबोला धरला, तिनंही धरला. तिनं खुर्ची करायला घेतली, पाठीसकट. सध्या काय करता, असं कुणी विचारलं तर ती "सुतारकाम" म्हणायची. "कुणाकडे?" म्हटलं की भडकायची.

"माझ्याकडे!"

सुतार पुढच्या उन्हाळ्यात वारला. मावशी त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबरात गेली.