नदीत न पडलेला घोडा

माझ्या ऐतिहासिक पिक्चरला पुरस्कार मिळाल्यापासून माझा कुणावर म्हणून विश्वास राहिला नाही. जो भेटतो तो तेच, "काय भव्य पिक्चर काढलास रे!" भव्य, भव्य. पुढे एक अक्षर नाही. थिएटरं मात्र दुसऱ्याच आठवड्यात ओस पडली. निदान घरच्यांनी तरी तो शेवटपर्यंत बघितलाय का, याचा मला दाट संशय होता.

रविवारी सगळे वडिलांकडे जेवायला जमलो, तेव्हा मी सापळा लावला.

"भावोजी, पांढरा घोडा नदीत वाहून जातो, तो प्रसंग कसा वाटला?"

"अहाहा! अंगावर काटा आला बघ," ताईचा नवरा म्हणाला.

"मी तर ढसाढसा रडले," ताईनं री ओढली.

अहो, पिक्चरमध्ये नदीच नाही! चोर तर सापडले, पण आनंद कसला डोंबलाचा? आता उरले फक्त बाबा. तेही खोटं बोलले असते तर मी मेलोच असतो.

जेवणं झाल्यावर ते ओट्याशी ताटं पुसत होते. मी हळूच विचारलं, "बाबा, तो घोडा वाहून जातो, तो प्रसंग...?"

"कुठला वाहून जातो? राजा त्याच्यावर बसूनच तर शेवटचं भाषण ठोकतो. आम्हाला काय खुळे समजतोस?"

बघितला होता! पूर्ण! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मग? आवडला?"

त्यांनी ताट ठेवलं. "मध्ये राजाची आई जाते ना रे?"

"हो! केवढी गर्दी उभी केली होती आम्ही त्या अंत्ययात्रेला."

"गर्दी दिसली. पण राजा लगेच पायरीवर उभा राहून राज्याबद्दल बोलायला लागला. तुझी आई गेली तेव्हा तू तिच्या चपला दारातून हलवू दिल्या नव्हत्यास. मी हात लावला तर माझ्या अंगावर धावून आलास."

"बाबा, इतिहासात तसं काही..."

"इतिहास राहू दे. आई गेल्यावर काय होतं ते तुला ठाऊक होतं ना? मग त्या बिचाऱ्याला का नाही सांगितलंस?"

मी पुसलेलं ताट घेऊन पुन्हा पुसत बसलो आणि मला रडू फुटलं. माझ्या पिक्चरवर कुणीतरी पहिल्यांदाच खरं रडत होतं.