झिपऱ्याची वेणी

केस मानेवर आले तेव्हा बंबाचे चालक, म्हणजे साऱ्या अग्निशमन केंद्राचे काका, त्याला गमतीनं ‘झिपऱ्या’ म्हणाले आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढे केस खांद्याखाली उतरले. ते रोज धुतलेले, विंचरलेले असत, झिपऱ्या म्हणाव्यात असं त्यांत काहीच उरलं नव्हतं. पण खरं नाव हजेरीपुरतंच राहिलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. आग कुठलीही असो, नळीचं तोंड धरून सगळ्यांच्या पुढे आत शिरायचं काम त्याचं होतं आणि त्या जागेवर त्याचा जीव होता.

म्हणूनच वरच्या कचेरीतून नवा हुकूम आला तेव्हा सगळ्यांच्या माना आधी त्याच्याकडे वळल्या. पुरुषांचे केस कॉलरच्या वर हवेत. ज्यांचे नसतील त्यांनी बंबावर चढायचं नाही, फोनच्या खोलीत बसायचं.

“झालं! झिपऱ्या आता फोनवर गोड आवाजात विचारणार, आग नक्की कुठं लागलीय हो?” काका म्हणाले.

“आणि पत्ता सांगितला तरी तुम्ही गाडी भलत्याच गल्लीत घालणार,” झिपऱ्या म्हणाला. हशा पिकला. पण हातातली नळी गुंडाळताना त्यानं नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट आवळली.

दुपारी केंद्रप्रमुखांनी त्याला आत बोलावलं. साहेब शिस्तीचे, पण मनानं सरळ. गालांवर भरघोस कल्ले होते आणि विचार करताना ते त्यांच्यावरून हात फिरवत.

“केस का ठेवलेस? नवस-बिवस आहे का काही?”

“नाही साहेब.”

“मग घरातल्या कुणाची इच्छा?”

“नाही. मला आवडतात.”

साहेबांची पंचाईत झाली. एखादं हळवं कारण हाती लागलं असतं तर वर कळवायला बरं पडलं असतं.

“अरे, आवडतात म्हणून नियम वाकतो का?”

“वाकवायचा नाहीच साहेब. तो कशासाठी आहे तेवढं सांगा.”

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, म्हणून साहेबांनीही नीट उत्तर दिलं. “धुरात मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. रबराखाली केस आले की फट पडते आणि त्या फटीतून धूर आत येतो. मला माझा एकही माणूस गमवायचा नाही.”

“मलाही स्वतःला गमवायचं नाही. मास्क बसतो की नाही ते बघा. नाही बसला तर कात्री मीच आणून देतो.”

साहेबांनी कल्ल्यावरून हात फिरवला. मास्कमधून हवा गळते का ते काट्यावर दाखवणारं नवं यंत्र हुकुमाबरोबरच आलं होतं आणि त्याचं खोकं नुकतंच फोडलं होतं. “चल, आत्ताच बघू,” ते म्हणाले.

झिपऱ्या आत्मविश्वासानं उठला आणि आत्मविश्वासानंच चूक करून बसला. केस कॉलरच्या वर हवेत ना, मग चांगले वरच घेऊ, म्हणून त्यानं टाळूच्या मागे गच्च अंबाडा बांधला. मास्कच्या पट्ट्यांची जाळी नेमकी तिथंच बसते. अंबाड्यानं ती उचलून धरली, हेल्मेट भोपळ्यावर ठेवलेल्या वाटीसारखं डुगडुगायला लागलं आणि कानशिलावरची एक बट रबराखाली गेली ती वेगळीच. काटा सर्रकन खाली आला.

“बघितलंस?” साहेब म्हणाले.

“बघितलं. अंबाडा चुकला. केसांचं अजून ठरायचंय.”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. “सोमवारी सगळ्यांची चाचणी आहे. तेव्हा शेवटची संधी. पास झालास तर वर मी बोलेन. नाहीतर कात्री किंवा फोन, तूच ठरव.”

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताई बालवाडीत शिकवायची.

“ताई, घट्ट वेणी घालून दे.”

“देते की. आणि घंटा वाजली म्हणजे? मला काय बंबावर बसवून नेणार आहेस?”

भावजींनी आतून डोकावून पाहिलं. त्यांच्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं. “मी बघ, कुठल्याही नियमात बसतो,” ते म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

बालवाडीत ताई कुठल्याच मुलाच्या बुटाची नाडी बांधून देत नसे. ती मुलाशेजारी बसायची, आपल्याच बुटाची नाडी सोडायची आणि ती सावकाश पुन्हा बांधायची. मूल बघत राहायचं आणि केव्हातरी त्याची बोटं आपोआप चालू लागायची. आताही तिनं तेच केलं. खुर्चीच्या पाठीला लोकरीचे तीन रंगांचे धागे बांधून त्याच्या हातात दिले आणि शेजारी बसून स्वतःची वेणी सोडली.

“बाहेरचा पेड मधे. आता दुसऱ्या बाजूचा मधे. एवढंच आहे. घाई करू नकोस, ती नंतर आपोआप येते.”

नळी गुंडाळण्यात पटाईत असलेल्या त्या बोटांनी लोकरीचा पार गुंता केला. ताई हसली नाही. तिनं आपली अर्धी झालेली वेणी पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून घातली. मग त्यानंही तसंच केलं. धाग्यांची सवय झाल्यावर तो स्वतःच्या केसांकडे वळला.

“सुरुवात कुठून करू?”

“ते मला काय विचारतोस? मास्क तू घालतोस. जाळी कुठं बसते?”

त्यानं डोळे मिटून डोक्याच्या मागे चाचपलं. “इथं.”

“मग?”

“मग तिच्या खालून. अगदी मानेपाशी. आणि शेपूट कोटाच्या आत.”

“आलं की तुला!” ताई म्हणाली. बालवाडीतल्या मुलांनाही ती हेच म्हणायची, त्याच आवाजात. “आता समोरच्या बटा पाणी लावून मागे घे. आणि आरशाकडे पाठ कर. आगीत आरसा नसतो.”

सोमवारपर्यंत तो रोज तिच्याकडे जात होता. शेवटी ताई ताट बडवून घंटा वाजवायची आणि ती हात थांबवायच्या आत वेणी तयार असायची. भावजी वैतागून म्हणायचे, “आता शेजारचे पळत येतील, आग लागली म्हणून.”

चाचणीच्या दिवशी बंबाशेजारी खुर्ची आणि यंत्र मांडलं होतं. झिपऱ्या पहिला बसला. समोरचे केस ओले करून त्यानं मागे घेतले, मानेपाशी वेणी घातली आणि ती कोटात सोडली. मास्क चढवला. त्यावर आगीपासून जपणारं कापडी आवरण घातलं. सगळे त्याला टोपडं म्हणत. वर हेल्मेट. ते या वेळी हललं नाही. साहेबांनी यंत्राची नळी मास्कला जोडली. काटा उभा राहिला तो तसाच राहिला.

“मान हलव.”

त्यानं ती हलवली.

“खाली वाक. रांग. शिडी चढ.”

तो वाकला, रांगला, नळी पुरेल तिथवर शिडी चढला. काटा जागचा ढळला नाही.

“पास,” साहेब म्हणाले.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत मोठी टाळी काकांची होती. पण त्यांची पाळी आली आणि काटा घसरला. काकांच्या गालांवर दाढीचे खुंट वाढलेले होते.

“यंत्र बिघडलंय,” काका म्हणाले.

“यंत्राला दाढी टोचतेय, काका,” झिपऱ्या म्हणाला.

एकामागून एक दाढीवाले नापास होत गेले. काकांना ते फार बरं वाटलं. सगळे संपल्यावर त्यांनी निरागस चेहऱ्यानं विचारलं, “साहेब, तुमचं बाकी आहे ना?”

साऱ्यांच्या नजरा त्या कल्ल्यांवर होत्या. साहेबांना सहज टाळता आलं असतं. त्यांनी मास्क उचलला, चढवला आणि पट्टे ओढले. काटा भरभर खाली आला. त्यांनी मास्क काढून पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, “नापास झालेल्यांनी उद्या पुन्हा यायचं.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा त्यांच्या गालांवर कल्ल्यांच्या जागी दोन फिकट पट्टे होते. त्यांनी झिपऱ्याला बोलावलं.

“वर फोन केला होता. म्हटलं, आमच्याकडे मास्क ज्याला बसतो तो बंबावर चढतो. माझ्यासकट.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघायला या, यंत्र इथंच आहे. तोवर तू तुझ्या जागेवर.” साहेबांचा हात सवयीनं गालाकडे गेला आणि रिकामाच परत आला. “ती वेणी शिकवली कुणी?”

“ताईनं. बालवाडीत शिकवते ती.”

“तरीच,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली. झिपऱ्यानं धावता धावता केस मागे घेतले. बोटं आपोआप चालली आणि बंबाच्या पायरीवर पाय पडला तेव्हा वेणी कोटात गेलेली होती. काका मात्र न्हाणीतून अर्धी दाढी करून पळत आले.

“काका, साबण!” झिपऱ्या वरून ओरडला.

“राहू दे रे,” चाक हातात घेत काका म्हणाले, “कुठं जायचंय ते सांग.”