ऑइल बघितलंस का

स्पंज हातात घेतल्याबरोबर कळलं की पुन्हा तेच आहे — पिळायची गरजच नव्हती, तरी त्यानं तो पिळला, आणि बोटांच्या फटींतून काळपट ऑइल मनगटावर, मनगटावरून कोपरावर उतरलं, तिथं क्षणभर लोंबकळलं आणि सकाळीच घातलेल्या पँटीवर पडलं.

हवा गाळायला बसवलेला स्पंज. त्यात हवेखेरीज सगळं होतं. मागच्याच सुट्टीला त्यानं हा रॉकेलमध्ये बुडवून, साबणानं धुऊन, गॅलरीत दोन चिमटे लावून वाळवला होता — बायकोच्या ओढणीशेजारी, आणि त्यावरून जे ऐकावं लागलं ते सगळं ऐकून घेऊन — आणि आता परत... ज्या पेटीत स्पंज बसतो तिच्या तळाशी ऑइलचं तळं. पेटीखालच्या रबरी नळीचं बूच काढलं तर तीही बिनबोभाट गळायला लागली, जणू कोणीतरी विचारेल याचीच इतके दिवस वाट पाहत होती.

मोटारसायकलबरोबर आलेली पुस्तिका त्यानं दोनदा वाचली होती. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, ती या हवेच्या पेटीत येते. ऑइल बेताचं असलं तर नळीतून नुसती वाफ येते. जास्त झालं तर ऑइलच उचमळून येतं, पेटीत साचतं, स्पंज भिजतो, गाडी गुदमरते, निळा धूर सोडत भर चौकात बंद पडते, आणि मागे बसलेली बायको काही बोलत नाही. हे शेवटचं पुस्तिकेत नव्हतं.

पण ऑइल जास्त होईलच कसं? ऑइल घालणारा तो एकटा. महिन्यापूर्वी त्यानं स्वतः मोजून, खुणेपर्यंत घातलं होतं, आणि त्यानंतर बघायचं काही कारण नव्हतं — इंजिन ऑइल खातं, पिकवत नाही.

"ऑइल बघितलंस का?"

वरून आवाज आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, वेताच्या खुर्चीत, अण्णा. म्हणजे वडील. गाडी मूळची त्यांची. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी चालवायची बंद केली, आणि अण्णांनी किल्ली जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिली — हातात दिली नाही. तेव्हापासून रोज हा एकच प्रश्न. सकाळी, संध्याकाळी. तब्येत कशी, ऑफिस कसं, नातीचं होस्टेलमधलं कसं चाललंय... नाही. ऑइल.

"बघतो," तो वर न बघता म्हणाला.

या शब्दावर त्याचं पोट चाललं होतं. ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर तो बसे, आणि रोज येणाऱ्या माणसांना हा शब्द इतक्या सौजन्यानं देई की ती तो घेऊन जिना उतरेपर्यंत समाधानी असत. बघतो, म्हणजे बघणार नाही, पण तुम्ही आता उठा. बघू, म्हणजे तेच, अनेकवचनी. बघतो ना, म्हणजे पुन्हा विचारू नका. नव्या कारकुनांना तो हे शिकवतसुद्धा असे, चहा पिताना, गंभीर चेहऱ्यानं. अडचण एवढीच होती की घरी आल्यावर त्याच्याकडे दुसरा शब्द शिल्लक नसे. ज्या दिवशी तो खरंच गुडघे टेकून, कॅप उघडून, पट्टी पुसून ऑइल बघून आला, त्या दिवशीही त्याच्या तोंडून निघालं होतं ते "बघतो"च... आणि अण्णांनी मान हलवली होती, ऑफिसातून परत जाणारी माणसं हलवतात तशी.

वर खुर्ची करकरली. अण्णा आत गेले असावेत. बरं झालं. आपलं चुकत असताना वरून कोणी बघू नये, एवढी माफक अपेक्षा या वयात असायला हरकत नसावी.

काल तो मेकॅनिककडे गेला होता. मेकॅनिकनं गाडी चालू केली, धूर बघितला, बंद केली.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या."

"बघितल्यात का?"

"बघायच्या तर इंजिन उघडावं लागेल."

"आणि उघडल्यावर चांगल्या निघाल्या तर?"

"उघडल्यावर कशाला चांगल्या निघतील, साहेब? आपण नव्या घालतोच की." त्यानं हात पुसले. "नाहीतर काढून टाका. एक गिऱ्हाईक आहे माझं, जुन्या गाड्या घेऊन पार्ट सुटे करून विकतो. चाकं इकडं, टाकी तिकडं. उद्या संध्याकाळी फोन करतो. हो म्हणालात तर परवा टेम्पो घेऊन येईल."

टेम्पो. हे त्यानं बायकोला सांगितलं, आणि बायको म्हणाली, "देऊन टाका." अण्णांना सांगितलं नाही. ते कोण सांगणार? मिठाच्या बरणीशेजारी चिठ्ठी ठेवायची का — तुमची टाकी तिकडे गेली, चाकं इकडे? म्हणून आज सुट्टीच्या दिवशी, लोक गाद्यांवर लोळत असताना, तो जिन्याखाली बसून एका स्पंजाशी भांडत होता. संध्याकाळच्या फोनच्या आत कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर...

तर काय. मी काय मेकॅनिक आहे का? मी एम.ए. आहे. एम.ए. असूनही हात कोपरापर्यंत काळा, आणि कानाजवळ डास. मारावा तर कान काळा होतो.

चिडूनच त्यानं गाडी मेन स्टँडवर ओढली. पाय स्टँडच्या दांडीवर, हात मागच्या कड्याला, सगळा भार एका टाचेवर — पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा कमरेतून कळ गेली, तिसऱ्यांदा गाडी मागे सरकून दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. कॅप उघडली. कॅपलाच जोडलेली पट्टी पुसली, परत बुडवली, बाहेर काढली.

वरच्या खुणेच्या वर दोन बोटं ऑइल.

त्यानं परत पुसली, परत बुडवली. दोन बोटं. उजेडात धरली. उजेडातही दोन बोटं. रिंगा ठणठणीत असणार. बिचारं इंजिन नुसतं गळ्यापर्यंत बुडालं होतं. पहिल्यांदा वाटला तो आनंद, आणि लगेच मागून राग आला, कारण राग करायला आता निदान काहीतरी होतं: मेकॅनिक! त्यानंच भरलं असणार... पण मेकॅनिकनं तर कॅपला हातही लावला नव्हता. त्याचीच तर तक्रार होती. मग? मीटरच्या कपाटातला ऑइलचा डबा त्यानं उचलला, तर तो इतका हलका लागला की हात छताकडे गेला. महिन्यापूर्वी तो जवळजवळ भरलेला होता.

कोणीतरी येऊन याच्या गाडीत ऑइल घालून जातं. चोरी उलटी. याची तक्रार कुठं नोंदवायची? आणि नोंदवली तर टेबलापलीकडचा माणूस काय म्हणेल, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

खालचा बोल्ट ढिला करून, बायकोनं टाकून दिलेल्या पातेल्यात, पट्टीवर खूण दिसेपर्यंत त्यानं ऑइल काढलं. पेटी पुसली. स्पंज धुतला. गॅलरीत नव्हे, जिन्याच्या कठड्यावर वाळत घातला, माणूस शिकतो.

वर आला तेव्हा बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, हे बघा अण्णांचे रुमाल. एकाचाही डाग निघत नाही. डोकं रुमालानं पुसू नका म्हणून त्यांना सांगा ना. किती तेल थापतात."

"तूच सांग."

"मी कशी सांगू? तुमचे वडील आहेत."

"सांगतो."

"म्हणजे 'बघतो'मधलंच का हे सांगतो?"

त्यानं पुढे होऊन ढिगातला वरचा रुमाल हातात घेतला. पांढरा, कडेला निळी रेघ, मधोमध तांबूस पट्टा — डाग नव्हे, पट्टा, सरळ, लांबट, जणू काहीतरी अरुंद वस्तू रुमालात घालून एका ओढीत पुसून काढावी तसा. आणि अण्णांच्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नव्हतं. कितीतरी वर्षांपासून नव्हतं. दोघं नवरा-बायको रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते, ते टक्कल त्यांच्या ताटांवर चकाकत होतं, आणि दोघांनी मिळून त्यावर तेल थापलं होतं.

रुमाल नाकाशी नेला. साबणाच्या वासाखाली तो दुसरा वास होता, जो सकाळपासून त्याच्या कोपराला येत होता.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. सांगतो त्यांना."

आता बरोबर राग येत होता. म्हणजे हे! म्हणजे मी इथं सुट्ट्या घालवतोय, चौकात लोकांचे हॉर्न ऐकतोय, मेकॅनिकसमोर हात बांधून उभा राहतोय, आणि हे खाली जाऊन गुपचूप... कारण माझ्यावर विश्वास नाही. मी "बघतो" म्हटलं की हे उठणार, आणि बघणार. घालणार. मीही घालणार. दोघं मिळून एका इंजिनाला बाळसं आणणार. आणि ज्यांनी आयुष्यभर मला शिकवलं, आठवीत असताना, याच हातांनी माझा हात पट्टीवर धरून — "ऑइल बघायचं ते गाडी सरळ उभी करूनच. वाकडी गाडी खोटं बोलते" — त्यांना एवढं कळू नये की...

वाकडी गाडी.

तो पलंगावर बसला. काळ्या पँटीसकट, स्वच्छ चादरीवर. बायकोनं बघितलं, आणि घातलेली घडी उलगडून परत घालायला घेतली.

साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, ऑइल डावीकडे जातं, पट्टी असते उजवीकडे. भरलेलं इंजिनही रिकामं दिसतं. हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. अण्णांना तेच तर माहीत होतं... मग मागच्या महिन्यातलं ते आठवलं, जे त्यानं तेव्हा बघितलं होतं, गॅलरीतून, दाढी करता करता, तोंडाला फेस असताना: अण्णा खाली गाडीपाशी उभे, एक पाय मेन स्टँडच्या दांडीवर, हात मागच्या कड्याला. तसेच उभे. बराच वेळ. मग पाय खाली घेतला, इकडे तिकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि आरसा पुसला, जणू त्याचसाठी खाली आले होते. आणि त्यानं... त्यानं गालावरचा फेस काढला होता. एवढंच मनात आलं होतं की आरसा स्वच्छ झाला, बरं झालं.

त्याला आजही तिसऱ्या खेपेला जमलं होतं. कमरेत अजून कळ होती.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय ठरलं साहेब? टेम्पो सांगू?"

"नको."

"मग उघडू इंजिन?"

"नको."

"मग काय करता?"

"बघतो," तो म्हणाला. पलीकडे मेकॅनिक हसला. त्यालाही तो शब्द ठाऊक होता.

फोन ठेवून तो खाली गेला. वाळलेला स्पंज बसवला, पेटी बंद केली, गाडी स्टँडवरून उतरवून चालू केली. धूर आला नाही. मग ती परत मेन स्टँडवर ओढली — या वेळी दुसऱ्याच झटक्यात — आणि तशीच सरळ ठेवून वर आला. आता रोज रात्री अशीच ठेवायची. काही बोलायचं नाही. सांगायचं म्हटलं तर वाक्य कसं सुरू करायचं? 'अण्णा, तुम्हाला आता ती उचलत नाही' — टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला असलं वाक्य त्यानं टाचणीसारखं टोचलं असतं, न कळता. आणि नाही सांगितलं, तर उद्या ते खाली जातील, गाडी सरळ उभी दिसेल, आणि का उभी आहे ते त्यांना कळणार नाही, एवढे ते... की कळेलच? कळलं तर जास्त वाईट की कमी? या प्रश्नाचीही चीड येत होती. स्पंज बरा होता. पिळला की त्यातून काय निघतं ते दिसायचं.

अण्णा वेताच्या खुर्चीत होते. समोर पेपर, कालचा. तो शेजारच्या स्टुलावर बसला.

"ऑइल बघितलंस का?"

तोंडात शब्द तयार होता. तो वर्षानुवर्षांच्या सवयीनं जिभेच्या टोकापर्यंत आलाही.

"नाही," तो म्हणाला. "राहिलं."

अण्णांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं — त्याच्या पँटीकडे, कोपराकडे, नखांत बसलेल्या काळ्याकडे — बराच वेळ, ज्यात सगळं सांगून होऊ शकलं असतं.

"मग मी बघतो," ते म्हणाले, आणि पायांनी चपला चाचपू लागले. खिसा चाचपला. रुमाल होता.

तो उठला नाही. आधाराला जावं, दिवा लावावा, निदान जिन्यापर्यंत... नाही. चपला एकेक पायरी उतरत गेल्या, मध्ये थांबल्या, पुन्हा उतरल्या. मग शेवटच्या पायरीनंतर काहीच नाही. आता गाडीसमोर असतील. ती सरळ उभी असलेली बघत असतील. पट्टी पुसत असतील... खुणेपाशी आहे, बरोबर खुणेपाशी. आज दुपारी त्यानं तीनदा बघितलं होतं. पण तीनदा बघितलं ते त्यानं, आणि त्याच्या बघण्याला या घरात काय किंमत होती ते त्याला माहीत होतं. एवढा मोठा माणूस, तक्रारींचा साहेब, गणिताची वही तपासायला देऊन दाराआड उभा असल्यासारखा, कॅप फिरल्याचा आवाज वरपर्यंत येत नाही हे ठाऊक असूनही, कान देऊन बसून राहिला.